आपलं गाणं वाजवणारा बँड

१९८०च्या दशकात मुंबईत रॉक ऐकायला जमलेल्या पोरांच्या फर्माइशी ठरलेल्या असत: डीप पर्पल वाजवा, लेड झेपलिन वाजवा. परदेशी गाणं हुबेहूब वाजवणारा बँड भारी, असा सरळ हिशेब होता. स्वतः रचलेलं गाणं ऐकवायचं तर श्रोत्यांची नाराजी पत्करावी लागे. अशा काळात, १९८४ साली, ‘रॉक मशीन’ उभा राहिला.

सुरुवात त्यांनीही इतरांच्या गाण्यांनीच केली. गिटारवर महेश तिनईकर, बासवर मार्क सेल्विन, ड्रम्सवर मार्क मेनेझेस. पुढे गायक उदय बेनेगल, दुसरे गिटारवादक जयेश गांधी आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया आले. उदारीकरण अजून दूर होतं. चांगली गिटार किंवा अ‍ॅम्प्लिफायर परदेशातून आणायचा तर जबर आयातकर भरावा लागे. तरीही १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव सुरू झाला आणि धोबी तलावचं खुलं रंगभवन रॉकवेड्यांचं हक्काचं ठिकाण बनलं.

१९८८मध्ये ‘रॉक एन रोल रेनेगेड’ हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम आला. त्यातल्या ‘टॉप ऑफ द रॉक’ने बँडचं नाव देशभर पोचवलं. त्यांच्या आवाजाची ओळख म्हणजे दोन गिटारींची जुगलबंदी, मागे कीबोर्डचा भरणा आणि त्या सगळ्यावर स्वार होणारा बेनेगल यांचा चढा गळा. अर्थात गाणी त्यांची असली तरी ढंग अमेरिकी हार्ड रॉकचाच होता. स्वतःची चाल बांधणं ही पहिली पायरी. स्वतःचा ढंग सापडायला वेळ लागतोच.

तो शोध पुढे नावापर्यंत पोचला. १९९०च्या ‘द सेकंड कमिंग’नंतर, १९९३मध्ये, चालतं नाव सोडून त्यांनी ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं. नावारूपाला आलेल्या बँडने असं करायला मोठं धाडस लागतं! ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्हीचा पुरस्कार मिळाला, १९९५मध्ये नव्या नावाने अल्बम निघाला. १९९७मध्ये मंडळी पांगली. २०१०मध्ये पुन्हा जमली. २०१२च्या ‘इव्हॉल्व्ह’चं मिक्सिंग टिम पामर यांनी केलं. पर्ल जॅमचा ‘टेन’ हा गाजलेला अल्बम मिक्स करणारे तेच.

रॉक मशीनची गाणी इंग्रजीत होती. आज मुंबईचाच ‘अभंग रिपोस्ट’ गिटार-बासच्या साथीने संतांचे अभंग गातो. आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवरच्या पैठणला नाथांनी लोकांच्या बोलीत भारुडं रचली. एवढा ऐवज हाताशी असताना इथल्या पोरांना चालींसाठी फार लांब जायची गरज नाही. यंदाच्या गॅदरिंगला एखाद्या बँडने स्वतःचं गाणं सुरू केलं, तर ओळखीच्या गाण्याची फर्माइश करू नका. ते शेवटपर्यंत ऐका.