पुढचा फोटो तीन मिनिटांनी

आमच्या हॉलच्या भिंतीवर पूर्वी आजोबांचा फोटो होता. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि फ्रेमला चंदनाचा हार. दोन वर्षांपूर्वी ४३ इंची टीव्ही घेतला. तो बसवायला आलेल्या मुलाने सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची टेपने मोजली, भिंतीवर पेन्सिलने चार फुल्या मारल्या आणि म्हणाला, "काका, हा फोटो काढावा लागेल." आजोबा पॅसेजमध्ये गेले. आई काही बोलली नाही. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून ती सवयीने हॉलमध्ये आली, डोळे मिटून भिंतीला हात जोडले आणि डोळे उघडले तर समोर बातम्या चालू.

टीव्ही चालू ठेवून पाच मिनिटं कुणी रिमोटला हात लावला नाही, की पडद्यावर डोंगर येतात. बर्फ, निळी सरोवरं, लाल छपरांची गावं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ठिकाणाचं नाव. "हे कुठलं रे?" असं आई विचारायची आणि आम्ही वाचून दाखवायचो. महिनाभर नॉर्वे-आइसलँड करून झाल्यावर एकदा ती म्हणाली, "आपली वाई नाही का दाखवत हा?"

तिथून हे काम सुरू झालं. एका रविवारचं काम म्हणून हातात घेतलं आणि पावसाळा संपला तरी संपलं नाही.

हे आपोआप बदलणारं चित्र मुळात शोभेसाठी नव्हतंच. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबमध्ये आतून फॉस्फरचा थर असे. त्यावर एकच चित्र तासन्‌तास राहिलं की तेवढा भाग जास्त झिजायचा आणि चित्राचा डाग कायमचा उमटायचा. म्हणून कुणी बघत नसलं तरी पडद्यावर काहीतरी हलतं ठेवायची युक्ती निघाली. तिचं नावच 'स्क्रीनसेव्हर', पडदा वाचवणारा. आमच्यासारख्या साध्या एलईडी टीव्हीला ती भीती जवळजवळ नाही. ओएलईडी पडद्यांना मात्र आजही आहे. म्हणजे गरज संपली आणि सवय राहिली. त्या सवयीच्या जागेत आपले फोटो घालायची सोय आता बहुतेक स्मार्ट टीव्हींत असते.

सेटिंगमध्ये स्क्रीनसेव्हर शोधला, फोनमधलंच खातं टीव्हीवर उघडलं, 'सर्व फोटो' निवडलं आणि चहा घेऊन सोफ्यावर बसलो. पहिला फोटो लेकीच्या गॅदरिंगचा. वा! दुसरा गॅसच्या पुस्तकाचा. तिसरा बाथरूममधल्या गळक्या फ्लश टँकचा, प्लंबरला पाठवण्यासाठी काढलेला. मग मॉलच्या पार्किंगमधला 'बी-२, खांब १४'. मग आईच्या साखरेचा रिपोर्ट. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी मेंटेनन्सचं काही विचारायला आले आणि त्यांच्या समोर भिंतभर माझं आधार कार्ड उघडलं. ते सभ्य गृहस्थ. त्यांनी नजर पंख्याकडे वळवली. माझा रिमोट मात्र सोफ्याच्या फटीत गेला होता.

फोनमध्ये ११ हजारांवर फोटो होते. त्यांतले निम्मे तर फोटोच नव्हते; कॅमेऱ्याने केलेल्या नोंदी होत्या. पूर्वी ३६ फोटोंचा रोल असे, तेव्हा हाताने लिहून घ्यायच्या त्या गोष्टी. म्हणून 'भिंत' नावाचा वेगळा अल्बम केला आणि टीव्हीला सांगितलं की एवढंच दाखवायचं. आता त्यात काय घालायचं, हे ठरवणं आलं.

रोज जेवणानंतर अर्धा तास मी, बायको, लेक आणि आई फोन घेऊन बसायला लागलो. नियम एकेक करून ठरले. खाण्याच्या ताटांचे फोटो नकोत, हा बायकोचा. दहावीतला, दातांना तारा असलेला एकही फोटो नको, हा लेकीचा. बाबांचे हॉस्पिटलमधले नकोत, हा कुणी बोलून दाखवला नाही; ते आले की अंगठा आपोआप पुढे सरकायचा. एका आतेबहिणीच्या लग्नाचा फार सुरेख ग्रुप फोटो आहे, घरातली सगळी पिढी एका पायरीवर. पण ते लग्न मोडलं, आणि ती दिवाळीला आमच्याकडे येते. नवरदेवाला कापून काढायचं म्हटलं तर शेजारी उभी असलेली मोठी काकूही अर्धी जाते. फोटो बाजूला ठेवला. अल्बम कपाटात असतो, कुणी मागितला तर निघतो. भिंतीवरचा फोटो न मागता समोर येतो, आणि तेव्हा सोफ्यावर कोण बसलेलं असेल ते आपल्या हातात नसतं.

मग आकाराची भानगड. टीव्हीचा पडदा सोळा बाय नऊ. घरातला एकही फोटो त्या मापाचा नाही. आडवा फोन धरून काढलेला चार बाय तीन, जुन्या रोलच्या कॅमेऱ्याचा तीन बाय दोन. आणि आपण फोन धरतो उभा. तो फोटो लावला की पाच भागांतले जवळजवळ तीन भाग काळे, मधे आपण लिफ्टमध्ये उभे असल्यासारखे. 'पडदा भरा' म्हटलं की टीव्ही वरचं-खालचं कापतो, आणि आपल्याकडे ग्रुप फोटोत उंच माणसं मागच्या रांगेत असल्यामुळे एक अख्खी रांग कपाळाविना राहते. तिसरा पर्याय दोन उभे फोटो शेजारी-शेजारी लावण्याचा. ही जोडी टीव्ही स्वतःच्या मनाने लावतो. त्याने माझ्या सासऱ्यांच्या शेजारी राणीच्या बागेतला पेंग्विन उभा केला. दोघांची मान सारखीच वळलेली. तो पर्याय बायकोने बंद करायला लावला.

रंगही आपोआप जुळत नाहीत. नवा टीव्ही भडक रंगांवर लावून येतो. क्रिकेटचं मैदान त्यात झकास दिसतं, पण माणसांचे चेहरे हळद लागल्यासारखे होतात. पिक्चर मोड 'सिनेमा'वर नेला, उजेड निम्म्यावर आणला, तेव्हा कुठे कातडीला कातडीचा रंग आला. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून गोळा केलेल्या फोटोंची आणखी वेगळी कथा. तिथून येताना फोटो बारीक होतो आणि कधी काढला ती आतली नोंदही गळते. मग भावाला बजावलं, "फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव."

खरं काम निघालं ते माळ्यावरच्या अल्बमांत. नव्वदच्या दशकातले अल्बम चिकट पानांचे, वर प्लॅस्टिकची पापुद्र्यासारखी पट्टी. तो गोंद आता इतका मुरलाय की फोटो ओढला तर फाटतो. दात साफ करायचा दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवला की तो सुटतो. एका पानाला पाऊण तास लागतो. सत्तरीतले रंगीत फोटो तांबूस झालेत, कारण त्यातला निळसर रंग आधी उडतो आणि लाल मागे उरतो. त्याच काळातले कृष्णधवल फोटो मात्र ठणठणीत. आईच्या शब्दांत, "गरिबाचे फोटो टिकले."

त्यांत एक लहानसा चौकोनी फोटो होता, जेमतेम सव्वादोन इंचांचा. काकाकडे आग्फा क्लिक-थ्री होता, तेव्हा बडोद्यात बनणारा. एका रोलमध्ये बारा फोटो, आणि मोठी प्रिंट परवडत नसे म्हणून निगेटिव्हच्याच मापाची काढून घेत. मागे शाईने लिहिलंय : वाई, जानेवारी १९७४. कृष्णेचा घाट, वरच्या पायरीवर आजोबा, टोपी हातात. पोस्टकार्डाएवढे फोटो मी इंचाला ६०० ठिपके घेऊन स्कॅन करत होतो. त्याहून कमी घेतले तर आमच्या ४के पडद्यावर फोटो विरळ दिसतो. हा फारच छोटा म्हणून १२०० घेतले, तारीख हाताने घातली (नाहीतर स्कॅनर आजचीच लावतो) आणि 'भिंत'मध्ये टाकून विसरलो.

चार दिवसांनी दुपारी तो आला. आई शेंगा सोलत बसली होती. दोन बाजूंना काळे पट्टे आणि मधे आजोबा, हार नसलेले. पूर्वीच्याच भिंतीवर, साधारण त्याच उंचीवर. मी आईकडे बघत होतो. ती आजोबांकडे बघतच नव्हती. उठून टीव्हीजवळ गेली आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्याला बोट लावलं. "अगं बाई, ह्या सासूबाई."

घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर पाठमोरी एक बाई. नऊवारी, कमरेवर कळशी, मान किंचित डावीकडे. त्या छोट्या प्रिंटमध्ये ती तांदळाच्या दाण्याएवढी होती; पन्नास वर्षं कुणाला दिसली नव्हती. हा फोटो आमच्याकडे 'आजोबांचा एकट्याचा' म्हणूनच ओळखला जायचा. आजीचा आमच्याकडे एकच फोटो आहे, शेवटच्या आजारपणातला.

"पाठमोरी बाई, आजी कशावरून?" लेकीने विचारलं.

"अगं, कळशी उजव्या कमरेवर कुणी घेतं का? त्यांचा डावा खांदा धरलेला असायचा. त्या दिवशी मामंजी कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि सासूबाईंना म्हणाले, तू जरा..."

चित्र बदललं. भिंतीवर लेक, महाबळेश्वर, हातात मक्याचं कणीस.

आईने घाईने रिमोट उचलून दिसेल ते बटण दाबलं. स्क्रीनसेव्हरचा नियम असा, की कुठलंही बटण दाबलं की तुम्ही परत आलात असं समजून तो निघून जातो. महाबळेश्वरही गेलं आणि तेलाची जाहिरात आली. पुन्हा सुरू केला तर क्रम बदललेला. मी म्हटलं, "फोनवर दाखवतो, थांब." दाखवलाही. तिने चष्मा वर-खाली केला, "हं" म्हणाली आणि फोन परत दिला. गोष्ट पुढे गेली नाही.

तेव्हा लक्षात आलं, की माणसं, रंग, आकार यांवर आम्ही चार महिने घालवले आणि एका फोटोने किती वेळ थांबायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. ते कंपनीने ठरवलं होतं : दहा सेकंद. डोंगराला दहा सेकंद पुष्कळ. ज्या फोटोत ओळखीचं माणूस आहे त्यात आधी ते सापडावं लागतं, मग साल आठवावं लागतं, मग शेजारी कोण ते, आणि मग कुठे तोंड उघडतं. अल्बम मांडीवर असताना पान उलटणारा हात सांगणाऱ्याचाच असे, म्हणून हा हिशोब कधी करावा लागला नाही. सेटिंगमध्ये ३० सेकंद, एक, तीन, पाच मिनिटं असे पर्याय होते. पाचला लेक कंटाळली, एकला आई अपुरी पडली. तीनवर तडजोड झाली.

विजेचा हिशोबही झाला, कारण रिकाम्या खोलीतला दिवा दिसला की आई अजून उठून बंद करते. पाठीमागच्या लेबलवर ८० वॅट लिहिलेत. दिवसाला चार तास धरले तर महिन्याला दहा युनिटांच्या आत. "चालेल," ती म्हणाली. हे तिने एअरकंडिशनरबद्दल कधी म्हटलेलं नाही.

आता भिंतीवर ३४० फोटो आहेत. सगळे संपल्याशिवाय आमचा टीव्ही कुठला पुन्हा आणत नाही. ३४० गुणिले तीन म्हणजे १७ तास. रोजचे चार धरले तर एक फेरी सव्वाचार दिवसांची. त्यामुळे घरात गोष्टी क्रमशः चालतात. तीन मिनिटांत जेवढं बसेल तेवढं आई सांगते, उरलेलं पुढच्या फेरीवर. लेक कॉलेजातून आली की बूट काढता काढता विचारते, "आजी, वाई आला होता का?"

काल आला होता. आजोबा आजीला काय म्हणाले ते कळलं : "तू जरा बाजूला हो." त्यावर आजीने काय उत्तर दिलं ते सांगेपर्यंत पेंग्विन आला.