फाटकावरचा पगडीवाला

ब्रूस लीचा १९७२ सालचा ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ आम्ही सातआठ जणांनी वसतिगृहात पाहिला. शांघायच्या बागेपाशी ‘कुत्रे व चिनी यांना मज्जाव’ अशी पाटी आहे. नायक चेन झेन ती लाथेने फोडतो, तेव्हा आम्ही टाळ्या पिटल्या. पण त्याला अडवून ती पाटी दाखवणारा रखवालदार कोण? पगडी बांधलेला शीख! आपलाच माणूस. दुसऱ्या वेळी माझे हात टाळीसाठी उठेनात.

ही दिग्दर्शकाची लहर नव्हे. शांघायमध्ये इंग्रजांच्या वर्चस्वाखालील आंतरराष्ट्रीय वसाहतीने १८८० च्या दशकापासून पोलिसांत शीख शिपाई नेमले होते. बागेच्या मूळ नियमावलीत चिन्यांचे व कुत्र्यांचे कलम वेगवेगळे होते, चित्रपटाने ते एका ओळीत आणले एवढेच. चिन्यांना बाग खुली झाली ती १९२८ साली.

म्हणजे शिपाई खरा. पण पारतंत्र्यातल्या माणसानेच दुसऱ्या नाडलेल्याला अडवावे, यातले दुःख पडद्यावर येत नाही. त्याला नावसुद्धा नाही. जपानी तर बहुतेक कपटी, नाहीतर हास्यास्पद. मित्र म्हणाले, “अरे, मारामारीचा सिनेमा तो!” असेल. परंतु अपमानावर उभ्या राहिलेल्या चित्रपटाकडून माझी अपेक्षा थोडी जास्त होती.

पुढल्याच वर्षी ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये जिम केली हा कृष्णवर्णीय कराटेपटू आला. गोरे पोलीस त्याला रस्त्यात अडवतात, तो प्रसंगही आहे. तीन नायकांपैकी मरतो मात्र तोच. तरी त्याला विल्यम्स हे नाव तरी मिळाले.