कागदात गुंडाळलेली पाळी

मल्लेश्वरम असो की मराठहळ्ळी, बंगळुरूतल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरपाशी दोन मिनिटं उभे राहा. खोकल्याचं औषध, टूथपेस्ट, साखरेच्या गोळ्या गिऱ्हाइकाच्या हातात उघड्याच पडतात. सॅनिटरी पॅडचा पुडा मागितला की मात्र दुकानदाराचा हात आपोआप जुन्या वर्तमानपत्राकडे जातो. पान पसरायचं, पुडा मधोमध ठेवायचा, दोन्ही कडा आत मुडपायच्या, वर चिकटपट्टी. गिऱ्हाईक पुरुष असेल तर तेवढा वेळ तो मोबाइलमध्ये डोकं घालून उभा असतो. कर्नाटकात २०१६ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. काळी पिशवी गेली, तिच्या जागी कागद आला, झाकाझाक तशीच राहिली.

हाच कागद आठवडाभरात दुसऱ्या कामाला येतो. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळायचं, त्यावर लाल खूण करायची आणि लाल डब्यात टाकायचं, अशी इथली पद्धत आहे. डिसेंबर २०१५ मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने शहराला ‘दोन डबे, एक पिशवी’ हा नियम लागू झाला: ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका पिशवीत, आणि पॅड, डायपर, बँडेज लाल डब्यात. लाल खूण असते पौरकार्मिकांसाठी. पहाटे कचरा उचलायला येणाऱ्या माणसाला पुडीत काय आहे ते न उघडता कळावं, त्याचा हात त्यात जाऊ नये, एवढाच तिचा हेतू.

दुकानातला कागद लपवतो आणि घरातला कागद सांगतो. मला या दुसऱ्या कागदाची बाजू घ्यायची आहे. कुणी चारचौघांत आपल्या पाळीची दवंडी पिटावी असं माझं म्हणणं नाही. पण ज्याला कळायला हवं त्याला वेळेवर कळलं पाहिजे, आणि पुरुषांच्या अवघडलेपणामुळे नेमकं तेच होत नाही. या अवघडलेपणाखाली काही ठाम गैरसमज आहेत. ते एकेक करून बघू.

“हा बायकांचा विषय, आपण कशाला पडायचं?”

पाळी बाईला येते, पण तिच्या पाळीच्या दिवसांत काय होणार हे बऱ्याचदा पुरुष ठरवतात. बंगळुरूच्या कपड्यांच्या कारखान्यांमध्ये शिलाई मशीनवर बसलेल्यांत बहुसंख्य स्त्रिया असतात, आणि तासाला इतके नग झालेच पाहिजेत म्हणून रांगेवरून फिरणारा सुपरवायझर बहुधा पुरुष असतो. ‘जाऊन येते’ एवढंच ती म्हणते. पाळीचं रक्त लघवीसारखं धरून ठेवता येत नाही, हे त्याला कधी कुणी सांगितलेलं नसतं. तो म्हणतो, जेवणाच्या सुट्टीत जा.

आपल्याकडचं उदाहरण याहून जळजळीत आहे. बीडहून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि बेळगावकडच्या कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, आणि एका दिवसाचा खाडा झाला तर मुकादम दंड कापतो. पाळीत कंबर मोडून निघाली तरी खाडा परवडत नाही. फडात आडोसा नाही, पाणी नाही. मग कुणीतरी सुचवतं, पिशवीच काढून टाक. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. साधारण दर सहा बायकांमागे एक. मुकादम, नवरा, डॉक्टर या साखळीत बहुतेक ठिकाणी पुरुष उभे असताना हा विषय नुसता बायकांचा कसा?

“आम्ही बोलत नाही, ही आमची सभ्यता आहे”

मराठी घरात वाढलेल्या मुलाने एकदा तरी विचारलेलं असतं, आई आज लांब का बसली? उत्तर ठरलेलं, ‘तिला कावळा शिवला.’ मुलगा खिडकीतून कावळा शोधतो. दोन-तीन वेळा विचारून झाल्यावर मोठ्यांच्या चेहऱ्यांवरून त्याला उमगतं की हा प्रश्न विचारायचा नसतो. त्याचं या विषयातलं शिक्षण तिथेच थांबतं, आणि पुढे तोच मुलगा नवरा होतो, बाप होतो, साहेब होतो.

बंगळुरूत राहून कन्नड कानावर पडू लागलं तेव्हा एक गोष्ट मला चमकवून गेली. कन्नडमध्ये पाळीला ‘मुट्टु’ म्हणतात, आणि ‘मुट्टु’ म्हणजे शिवणं, स्पर्श. पाळी आलेल्या बाईला ‘होरगे’, म्हणजे बाहेर, असंही म्हणतात. आपली ‘बाहेरची’ तीच. दोन शेजारी भाषांनी शरीरातल्या घडामोडीला नाव देताना तिच्या शरीराचा विचार केलाच नाही. तिला शिवायचं की नाही, आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं, म्हणजे इतरांनी काय करायचं, तेवढंच शब्दांत उतरलं.

ज्याला सभ्यता म्हणतो ती शिकवलेली सवय आहे, आणि ती मोडणारे पुरुष मराठीत शंभर वर्षांपूर्वी होऊन गेले. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचकांच्या शरीराविषयीच्या शंकांना ते छापून उत्तरं देत. त्यापायी खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. कर्व्यांची भाषा शास्त्राची होती, त्यात चावटपणाला जागा नव्हती.

“ते अशुद्ध रक्त असतं”

तसं नसतं. गर्भ राहिला तर रुजावा म्हणून गर्भाशयात दर महिन्याला मऊ अस्तर तयार होतं. गर्भ राहिला नाही की ते सुटून बाहेर येतं. त्यात रक्त, अस्तराचे तुकडे आणि स्राव असतो. पूर्ण पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे पोह्याचे दोन-तीन मोठे चमचे. ८० मिलिलिटरच्या पुढे गेलं किंवा सात दिवसांनंतरही थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवायला हवं, कारण आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना आधीच रक्तक्षय आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतला हा आकडा आहे. दोन पाळ्यांमधलं अंतर २१ ते ३५ दिवस असू शकतं. सगळ्यांना अठ्ठावीसच दिवस लागतात असं नाही.

विटाळाची कल्पना जीव घेते, हेही बंगळुरूपासून फार लांब शोधावं लागत नाही. सत्तरेक किलोमीटरवरच्या तुमकूर जिल्ह्यात, जुलै २०२३ मध्ये, एका गोल्लरहट्टीत, म्हणजे गोल्ल समाजाच्या वस्तीत, बाळंतिणीला विटाळ म्हणून वस्तीबाहेरच्या झोपडीत ठेवलं. पावसाथंडीत तान्हं बाळ दगावलं. आपल्या गडचिरोलीत माडिया वस्त्यांच्या कडेला अजून कुर्माघरं, म्हणजे पाळीच्या दिवसांत बायकांना वेगळं ठेवायच्या झोपड्या, आहेत.

“दुखतं सगळ्यांनाच, त्यात काय एवढं?”

हे वाक्य पुरुष म्हणतात तसं सासवाही म्हणतात. अस्तर सुटताना गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांनी गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात, तिथला रक्तपुरवठा थोडा वेळ कमी होतो आणि कळा येतात. हीच रसायनं आतड्यांवर परिणाम करतात, म्हणून काहींना मळमळतं, जुलाब होतात. ज्या बाईत ती जास्त तयार होतात तिला जास्त दुखतं. सोसण्याची ताकद कमी पडली म्हणून दुखतं असं नाही.

आणि काही दुखण्यांमागे आजार असतो. एंडोमेट्रिओसिसमध्ये अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात मूल होण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना तो आहे, आणि निदान व्हायला बऱ्याचदा वर्षानुवर्षं जातात. ‘सगळ्यांनाच दुखतं’ असं घरात आणि दवाखान्यात ऐकून ती गप्प बसते, हे उशिराचं एक मोठं कारण आहे. दर महिन्याला जी मुलगी शाळा बुडवून पोट धरून झोपते तिला बापाने डॉक्टरकडे न्यायला हवं.

“रजा दिली तर सगळ्या जणी उठसूट घेतील”

कर्नाटक मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये धोरण मंजूर केलं: १८ ते ५२ वयाच्या नोकरदार स्त्रियांना महिन्याला एक, म्हणजे वर्षाला १२ दिवस पगारी पाळीरजा. सरकारी तशी खासगी नोकरीतही, कंत्राटी कामगारांनाही. डॉक्टरचा दाखला लागत नाही. हॉटेलचालकांच्या संघटनेने हायकोर्टात आव्हान दिलं, आणि ऑफिसांच्या कॅंटीनमध्ये गैरफायद्याची भाकितं सुरू झाली.

अनुभव उलट आहे. बिहार सरकार आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवस देतं; तिथली कार्यालयं बंद पडली नाहीत. बंगळुरूच्याच स्विगीने ऑक्टोबर २०२१ मध्ये डिलिव्हरी करणाऱ्या स्त्रियांना महिन्याला दोन दिवसांची सुट्टी दिली, कारण न विचारता. जपानमध्ये तर हा हक्क १९४७ पासून कायद्यात आहे. १९६५ च्या सुमारास तिथल्या २६ टक्के कामकरी स्त्रिया ही रजा घेत, २०२० मध्ये हे प्रमाण एक टक्क्याच्या आत आलं. हक्क कागदावर होता, पण तो पुरुष वरिष्ठापुढे उच्चारायचा होता. त्यामुळे मला भीती गैरफायद्याची वाटत नाही, रजा न घेतली जाण्याची वाटते.

एक आक्षेप मात्र मी गांभीर्याने घेतो. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये म्हटलं होतं की अशी रजा सक्तीची केल्यास मालक स्त्रियांना नोकरीच देणार नाहीत. ही भीती खरी आहे. पण महिन्यातल्या एका दिवसासाठी चांगली कामगार नाकारणारा माणूस तिच्या बाळंतपणाचं कारण सांगूनही नाकारेल. बदलायला हवं ते त्याचं मन. शिवाय या धोरणाच्या कक्षेत आपल्या घरी भांडी घासायला येणारी बाई येत नाही. तिला रजा कुठलं सरकार देणार नाही, आपणच द्यायची आहे.

“मी विचारलं तर तिलाच अवघडल्यासारखं होईल”

चौकशा केल्या तर होईल. तारीख विचारायची गरज नाही, ‘म्हणूनच चिडलीस का’ हे तर कधीच बोलू नये. टीममधली मुलगी ‘आज बरं नाही, घरून काम करते’ म्हणाली तर ‘ठीक आहे’ पुरेसं आहे. ऑफिसच्या स्वच्छतागृहात झाकणाचा डबा आहे का, पाणी आहे का, हे सुविधांच्या बैठकीत पुरुषानेही विचारावं. घरात मुलीला पहिली पाळी यायच्या आधी, आठव्या-नवव्या वर्षी, आईबरोबर बापानेही तिला सांगावं, आणि मुलालाही त्याच खोलीत बसवावं. त्याला कावळा दाखवू नका.

आणि पुढच्या वेळी मेडिकलवाला वर्तमानपत्र ओढू लागला की ‘पेपर बेडा’, म्हणजे कागद नको, असं म्हणा, पुडा तसाच हातात घेऊन घरी या. कागद घरच्या लाल डब्याजवळ ठेवा, सोबत एक लाल पेन ठेवा. पहाटे येणाऱ्या पौरकार्मिकाला त्याचा उपयोग आहे.