पाण्यात घातलेले औषध

आजारी मासा खाणे सोडतो आणि मत्स्यपालकाची पंचाईत होते. खाद्यात कालवलेले प्रतिजैविक त्याच्या पोटात जाणार कसे? मग औषध पाण्यात विरघळवून मासे काही वेळ त्यात ठेवायचे, हा औषधस्नानाचा मार्ग उरतो. कातडी आणि कल्ल्यांवर वाढणाऱ्या जिवाणूंवर तो लागू पडतो. तिथे औषध थेट पोहोचते.

मात्र ही मात्रा माशाच्या वजनावर ठरत नाही, पाण्याच्या आकारमानावर ठरते. मासे मूठभर, औषध टाकीभर. त्यातही ऑक्सिटेट्रासायक्लिनला पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जखडून ठेवतात. समुद्राच्या पाण्यात त्याचा जोर फार घटतो. टाकीच्या गाळणीत अमोनिया पचवणारे उपकारक जिवाणूही या औषधाने मरू शकतात. स्नानानंतरचे पाणी ओढ्यात, खाडीत सोडले, तर औषधाला न जुमानणारे जिवाणू तेवढे टिकतात आणि वाढतात.

रोगच होऊ न देण्याची वाट नॉर्वेतील सॅल्मनपालनाने दाखवली. १९८७ साली तिथल्या मत्स्यशेतीत, मुख्यतः खाद्यातून, सुमारे ४८ टन प्रतिजैविके वापरली गेली. उत्पादन होते जेमतेम ५० हजार टनांच्या आसपास. पुढे प्रत्येक पिलाच्या पोटात लस टोचण्याची पद्धत रुळली. आता उत्पादन १० लाख टनांच्या वर गेले आहे आणि प्रतिजैविके वर्षाला एका टनाच्या आत आली आहेत. लस माशाच्या अंगातच राहते. पाण्यात घातलेले औषध मात्र सगळ्यांच्याच वाट्याला येते.