माशांच्या टाकीतला उजेड: किती आणि किती वाजेपर्यंत?

दिघी-भोसरी-चाकण पट्ट्यात अनेक घरांचे घड्याळ कारखान्याच्या शिफ्टवर चालते. सेकंड शिफ्ट संपवून माणूस मध्यरात्री घरी येतो, जेवताना माशांच्या टाकीचा दिवा लावतो आणि हिरव्या पानांतून फिरणारे मासे पाहत शीण घालवतो. त्याच खोलीत मुले झोपलेली असतात. सकाळी आणि संध्याकाळीही तो दिवा चालूच असतो. महिनाभरात काच बुळबुळीत होते, पानांवर शेवाळाचा थर चढतो. मग वाटते, उजेड कमी पडतोय. आणखी मोठा दिवा आणावा.

खरे तर इथे उजेड जास्त झालेला असतो. दिघीहून आळंदीकडे गेले की इंद्रायणी लागते. सांडपाण्यातून आलेले नायट्रोजन आणि फॉस्फरस, जोडीला भरपूर ऊन मिळाले की नदीवर जलपर्णी माजते. टाकीतही माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य हेच खत असते. पाण्यात कार्बन डायऑक्साइड मर्यादित असल्याने वनस्पती ठरावीक उजेडच वापरू शकतात. उरलेल्या उजेडावर शेवाळ पोसते. म्हणूनच टाकी खिडकीच्या उन्हातही ठेवू नये.

पानांतले हरितद्रव्य मुख्यतः निळा आणि तांबडा प्रकाश शोषते. साधारण ६,५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीत हे दोन्ही पुरेसे असतात. गुलाबी-जांभळ्या खास दिव्यांची गरज नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टोकोरीन अशा सोशिक वनस्पतींना लिटरमागे १५ ते २० ल्युमेन उजेड पुरतो. म्हणजे एकूण सुमारे १,००० ल्युमेन. साधारण १० वॅटचा चांगला एलईडी तेवढा देतो. दिवा घेताना वॅटपेक्षा खोक्यावरचे ल्युमेन पाहावेत. लाल पानांच्या वनस्पतींना जास्त उजेड लागतो. पण त्यासोबत कार्बन डायऑक्साइड आणि खतही द्यावे लागते.

नव्या टाकीत दिवा रोज सहा तास, पुढे जास्तीत जास्त आठ तास ठेवावा. रात्र मात्र सर्वांनाच हवी. बहुतेक माशांना पापण्या नसतात, त्यामुळे अंधार हीच त्यांची विश्रांती. माणसाच्या डोळ्याच्या पडद्यातील काही पेशी निळसर प्रकाश टिपून मेंदूला ‘अजून दिवस आहे’ असा निरोप देतात. मग झोपेची वेळ सांगणारे मेलाटोनिन कमी स्रवते आणि झोप लांबते. लहान मुलांवर हा परिणाम मोठ्यांपेक्षा अधिक दिसतो. शिफ्ट बदलत असल्याने ज्याची झोप आधीच विस्कटलेली आहे, त्यालाही मध्यरात्रीचा हा झगमगाट महागात पडतो.

यावर उपाय सोपा आहे. प्लगला साधा टायमर लावून दिवा सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ, असे सात तास ठेवावा. असे दोन भाग केले तरी वनस्पतींचे बिघडत नाही. सेकंड शिफ्टवाल्याला मासे सकाळी दिसतील, फर्स्ट शिफ्टवाल्याला संध्याकाळी. नाइट शिफ्ट करून कोणी सकाळी त्याच खोलीत झोपणार असेल, तर सगळे तास दुपारनंतर ठेवावेत.

अंधारात वनस्पतीही ऑक्सिजन घेतात. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढत असतील, तर हवेचा पंप रात्रभर चालू ठेवावा. दिव्याची वायर सॉकेटपेक्षा खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत न जाता झोळातूनच खाली टपकते. पाण्यात हात घालण्यापूर्वी टाकीच्या सर्व उपकरणांचे प्लग काढावेत.

शेवाळ दिसले की मोठा दिवा आणण्याआधी दिव्याचे तास मोजावेत. दोन तास कमी करायला पैसे लागत नाहीत, आणि त्याने टाकीबरोबर घरातल्यांची झोपही सुधारू शकते.