चापिंगोचे गुरुजी

नाशिकपासून सुमारे तीस किलोमीटरवर त्र्यंबकेश्वर हे प्राचीन क्षेत्र आहे. क्षेत्राच्या पाठीशी ब्रह्मगिरी पर्वत उभा आहे. ह्याच पर्वतावर गोदावरीचा उगम होतो. येथून पश्चिम समुद्र अगदी जवळ आहे. परंतु गोदावरी त्या जवळच्या वाटेने जात नाही. ती पूर्वेकडे वळते आणि सुमारे १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. यात्रेकरू तिला वंदन करतात ते त्र्यंबकेश्वरी. पण तिच्या पाण्यावर डोलणारी भाताची विस्तीर्ण शेते मात्र दूर आंध्र प्रदेशात आहेत. उगम एकीकडे आणि उपयोग दुसरीकडे! कित्येक थोर माणसांचे जीवनही असेच असते.

ह्या गोदावरीस विदर्भाचे पाणी मिळते ते प्राणहितेच्या रूपाने. वर्धा आणि वैनगंगा ह्या दोन नद्यांचा संगम झाला की त्या प्रवाहास प्राणहिता म्हणतात. त्या वर्धा नदीने ज्यास आपले नाव दिले, त्या वर्धा परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात पांडुरंग सदाशिव खानखोजे ह्यांचा जन्म झाला. पुढे हे गृहस्थ पृथ्वीच्या दुसऱ्या गोलार्धातील मेक्सिको देशात शेतीशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि सुमारे तीस वर्षे तेथे राहिले. परक्या देशात जाऊन तेथील लोकांचा गुरुजी होणे म्हणजे काय, हे त्यांच्या चरित्रावरून चांगले समजते.

खानखोजे परदेशी गेले ते सुखाच्या शोधात नव्हे. त्यांचे बालपण सरले तो काळ मोठा कठीण होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांनी मध्य भारतात हाहाकार उडवला होता. शेतकरी अन्न पिकवतो आणि तोच उपाशी मरतो, हे दृश्य त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले. देश परतंत्र आहे म्हणून ही दशा आहे, असे अनेक तरुणांस वाटू लागले. खानखोजे त्यांपैकीच एक. विसाव्या शतकाच्या आरंभी, ऐन तारुण्यात, त्यांनी देश सोडला. प्रथम ते जपानला गेले आणि तेथून अमेरिकेस पोहोचले. अंगमेहनतीची कामे करून त्यांनी ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन ह्या राज्यांतील कृषिविद्यालयांत शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले. १९१३ साली अमेरिकेत गदर पक्ष स्थापन झाला, तेव्हा त्याच्या आघाडीच्या कार्यकर्त्यांत ते होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात इराणात जाऊन ते ब्रिटिश फौजांशी लढले. तो लढा यशस्वी झाला नाही. युद्ध संपले, परंतु ब्रिटिशांची सत्ता असेपर्यंत मायदेशाची वाट त्यांना बंद झाली.

अशा वेळी माणसापुढे दोनच मार्ग उरतात. दैवास दोष देत दिवस कंठावेत, किंवा जेथे पाय टेकतील तेथे कामास लागावे. खानखोजे ह्यांनी दुसरा मार्ग पत्करला. अमेरिकेत असताना काही मेक्सिकन क्रांतिकारकांशी त्यांचा स्नेह जडला होता. त्या स्नेहाच्या आधारे १९२४ साली ते मेक्सिकोत आले. हाती पैसा नव्हता. होती ती फक्त शेतीची विद्या.

मेक्सिकोही तेव्हा एका मोठ्या उलथापालथीतून नुकताच बाहेर पडत होता. तेथील बहुतेक जमीन मूठभर जमीनदारांच्या हाती होती आणि लक्षावधी शेतकरी त्यांच्या वाड्यांवर राबत होते. १९१० साली तेथे क्रांतीचा वणवा पेटला. जो जमीन कसतो त्यास ती मिळावी, अशी एमिलियानो सापाता ह्या शेतकरी पुढाऱ्याची मागणी होती. क्रांतीनंतर जमिनीची वाटणी हळूहळू सुरू झाली. राजधानीजवळ चापिंगो येथे एका जुन्या जमीनदारीच्या जागेत राष्ट्रीय कृषिविद्यालय आणण्यात आले. येथे जमिनीचा लाभ घ्यावयास शिकवतात, माणसाचा नव्हे, अशा अर्थाचे वचन त्या विद्यालयाने आपले ब्रीद म्हणून स्वीकारले. ह्याच विद्यालयात खानखोजे प्राध्यापक झाले.

आता परदेशी अध्यापकापुढे कोणत्या अडचणी येतात, त्यांचा विचार करू. पहिली अडचण भाषेची. खानखोजे ह्यांची मातृभाषा मराठी. शास्त्र शिकले ते इंग्रजीतून. मेक्सिकोत शिकवावयाचे ते स्पॅनिश भाषेतून! बाजारात जाऊन मीठ-मिरची मागण्यापुरती भाषा कोणासही थोड्या दिवसांत येते. वर्गात उभे राहून मुळे, परागकण, बीजधारणा ह्यांचे स्पष्टीकरण करणे मात्र निराळे. गुरुजींचा एखादा शब्द चुकला तर विद्यार्थी हसतात, आणि त्या हसण्याने जो खचतो त्यास परभूमीत शिकवता येत नाही. म्हणून परदेशी जाणाऱ्या अध्यापकास आधी पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते. तेथील मुलांपुढे गुरू म्हणून उभे राहण्यापूर्वी त्यांच्याच भाषेचा शिष्य व्हावे लागते.

दुसरी गोष्ट हवामानाची. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर आहे. चापिंगो हे तर पठारावरील सपाट गाव. पण ते समुद्रसपाटीपासून सुमारे २,२५० मीटर उंचीवर वसलेले आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही कितीतरी उंच! तेथे हिवाळ्यात दहिवर गोठते आणि कोवळी पिके एका रात्रीत करपून जातात. वर्ध्याच्या काळ्या, तापणाऱ्या जमिनीचे नियम तेथे लागू पडत नाहीत. तेव्हा नव्या मातीसही नव्याने प्रश्न विचारावे लागतात.

तिसरी गोष्ट अन्नाची. मेक्सिकोत मका हे मुख्य धान्य आहे. तेथील स्त्रिया मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवतात. त्यामुळे दाण्याचे जाड साल सुटते आणि त्यातील पोषक द्रव्यांचा शरीरास अधिक लाभ होतो. मग ते दाणे दगडी पाट्यावर वाटतात, त्या पिठाचा गोळा हातावर थापतात आणि तव्यावर भाजतात. ह्या पोळीस तोर्तिया म्हणतात. विदर्भात ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसास हे दृश्य परके कसे वाटेल? धान्य निराळे, पण हातावर पडणारी थाप तीच. शिवाय ज्या मिरचीवाचून आपला ठेचा होत नाही, ती मिरचीही मूळची त्याच भूमीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोकांबरोबर ती भारतात आली आणि येथे अशी रुळली की, आज ती परकी आहे असे सांगितले तरी कोणास खरे वाटत नाही. जे रोपट्याचे, तेच माणसाचे. नव्या मातीत मुळे धरली की परकेपण गळून पडते.

मेक्सिकोचा शेतकरी निरक्षर होता, पण अडाणी नव्हता. त्याची जुनी पद्धत पाहण्यासारखी आहे. तो मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात पेरतो. मक्याच्या ताटाचा आधार घेऊन घेवड्याचा वेल वर चढतो. घेवड्याच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीस नत्र मिळते. भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकतात, त्यामुळे ओल टिकते आणि तण माजत नाही. अशा शेतास तेथे मिल्पा म्हणतात. आपल्याकडे शेतकरी ज्वारीत तूर पेरतो, तिच्यामागेही असाच अनुभव आहे. दूरदूरच्या दोन देशांतील शेतकऱ्यांनी एकमेकांस न भेटता एकच शहाणपण मिळवले होते. म्हणून अशा शेतकऱ्याकडून जो आधी शिकतो, त्यासच पुढे काही शिकवता येते.

मग त्यास शिकवावयाचे काय? तर बियाण्याची विद्या. मक्याच्या शेंड्यावरील तुऱ्यातून परागकण सुटतात आणि वाऱ्यावर उडून कणसाच्या केसांवर पडतात. तेव्हा दाणा धरतो. वारा कोठलाही पराग कोठेही नेतो, त्यामुळे शेजारच्या शेतातील हलका मका आपल्या उत्तम मक्याचे बी बिघडवू शकतो. चांगले कणीस निवडणे, त्याचे बी वेगळे राखणे आणि दोन जातींचा हेतुपूर्वक संकर करून थंडीस व अवर्षणास टिकणारी जात मिळवणे, ही ह्या शास्त्राची दिशा होय. खानखोजे ह्यांनी मका व गहू ह्या पिकांवर संशोधन केले. तेओसिंते ह्या नावाचे एक रानगवत मेक्सिकोत उगवते. मक्याची उत्पत्ती ह्याच गवतापासून सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी झाली, असे आज शास्त्रज्ञ सांगतात. ह्या गवताचाही त्यांनी अभ्यास केला.

परंतु खानखोजे ह्यांचे खरे मोठेपण प्रयोगशाळेबाहेर दिसून आले. चापिंगोच्या विद्यालयात येणारे विद्यार्थी थोडे. ज्यांस नव्याने जमीन मिळाली ते हजारो शेतकरी विद्यालयाच्या दारापर्यंत कधी येणार? जमीन मिळाली पण ती पिकवण्याचे ज्ञान मिळाले नाही, तर ते स्वातंत्र्य अपुरेच राहणार. म्हणून १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुक्त कृषिशाळा निघाल्या. ह्या शाळा काढण्यात खानखोजे अग्रभागी होते. शेतकऱ्यांस त्यांच्याच खेड्यात विनामूल्य शेतीचे शिक्षण द्यावे, असा ह्या शाळांचा हेतू होता. मायदेशातील शेतकऱ्यासाठी जे करावे असे त्यांच्या मनात होते, ते त्यांनी परदेशातील शेतकऱ्यासाठी केले.

त्या देशाने ह्या कार्याची जाणीव ठेवली. तीना मोदोत्ती ह्या प्रसिद्ध छायाचित्रकार स्त्रीने ह्या कृषिशाळांची छायाचित्रे घेतली. दिएगो रिव्हेरा हे मेक्सिकोचे जगप्रसिद्ध चित्रकार. राजधानीतील शिक्षण खात्याच्या इमारतीच्या भिंतींवर त्यांनी रंगवलेल्या चित्रांत एक पंगत आहे. कष्टकरी स्त्रीपुरुष मेजाभोवती बसले आहेत आणि मध्ये बसलेला एक पुरुष सर्वांसाठी भाकर मोडत आहे. त्या पुरुषाची आकृती खानखोजे ह्यांचीच, असे मानले जाते. वर्ध्याकडील एका माणसास त्या राष्ट्राने आपल्या भिंतीवर, आपल्या पंगतीत, मानाचे पान दिले!

१९३६ साली खानखोजे ह्यांनी बेल्जियन वंशाच्या जान सिंदिक ह्यांच्याशी विवाह केला. त्यांस दोन मुली झाल्या. घर उभे राहिले, कीर्ती मिळाली; तरी मायदेशाची ओढ सुटली नाही. त्यांच्या एका मुलीचे नाव सावित्री, दुसरीचे माया. ह्या नावांतच ती ओढ दिसते. भारत स्वतंत्र झाल्यावर त्यांची वाट मोकळी झाली आणि १९५५ साली ते नागपुरास येऊन स्थायिक झाले. तरुणपणी ज्या मातीचा निरोप घेतला होता, तिच्याकडे ते उतारवयात परतले. १९६७ साली तेथेच त्यांचे देहावसान झाले. पुढे कन्या सावित्री साहनी ह्यांनी त्यांचे चरित्र लिहिले.

ह्या कथेस आणखी एक धागा आहे. १९४४ साली नॉर्मन बोरलॉग हे अमेरिकन शास्त्रज्ञ मेक्सिकोत आले आणि त्यांनी तेथे गव्हाच्या नव्या जाती निर्माण केल्या. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून सुमारे १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले. त्या बियाण्याने भारताच्या हरितक्रांतीस मोठे बळ दिले. ते बियाणे खानखोजे ह्यांनी तयार केलेले नव्हते. तरीही ज्या देशाच्या शेतकऱ्यांस शिकवण्यात एका मराठी माणसाने आपली उमेद वेचली, त्याच देशातून धान्याचे बीज आपल्याकडे यावे, हा योग मनास स्पर्श करून जातो. विद्या आणि बियाणे ह्यांस सीमा नसतात. आज एका हाताने द्यावे, उद्या दुसऱ्या हाताने घ्यावे, असा जगाचा व्यवहार चालतो.

चापिंगोचे ते विद्यालय आता स्वायत्त विद्यापीठ झाले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे तत्कालीन अध्यक्ष ओम बिर्ला ह्यांच्या हस्ते तेथे पांडुरंग खानखोजे ह्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. गदर पक्षाचा हा वीर तेथे आजही ओळखला जातो तो शेतकऱ्यांचा गुरुजी म्हणून.

आजही महाराष्ट्रातील अनेक शिक्षक देशोदेशी शिकवावयास जातात. त्यांच्यापुढील अडचणी पूर्वीइतक्या बिकट नाहीत. तथापि भाषा शिकावी लागते, अन्न रुचवून घ्यावे लागते आणि लोकांचा विश्वास संपादन करावा लागतो, ह्यात फरक पडलेला नाही. जेथे गेलो तेथील भाकरीस नावे न ठेवता ती आदराने खाणे, तेथील माणसाकडून आधी शिकणे आणि मगच त्यास शिकवणे, ही त्याची रीत होय. ब्रह्मगिरीवर निघालेली गोदावरी वाटेत ज्या शेतातून जाते त्या शेतास हे माझे की परक्याचे असे विचारत नाही. पाणी देत देत ती पुढे जाते.