पिछाडीचा पहारेकरी

फुटबॉलच्या सामन्यांत गोल करणाऱ्याचें नांव त्याच संध्याकाळीं पोराथोरांच्या तोंडीं होतें. परंतु पिछाडी संभाळून प्रतिपक्षाचे हल्ले परतविणाऱ्याची आठवण कोण ठेवतो? क्रिकेटचाही न्याय हाच. म्हणूनच संरक्षणाला ज्यांनीं कलेची योग्यता आणून दिली, अशा एका खेळाडूचा परिचय आम्ही आज करून देत आहों.

हे गृहस्थ आम्हां खानदेशकरांच्या शेजारचेच. मुंबई-आग्रा रस्त्यानें धुळ्याहून निघावें, अथवा जळगांवीं मुंबईच्या गाडींत बसावें, वाटेंत नाशिक लागतेंच. तेथें ४ एप्रिल १९३३ रोजीं रमेशचंद्र ऊर्फ बापू नाडकर्णी यांचा जन्म झाला. १९५५ सालीं दिल्लीस न्यूझीलंडविरुद्ध ते प्रथम कसोटींत उतरले आणि त्यांनीं नाबाद ६८ धांवा केल्या. परंतु त्यांची खरी कीर्ति डावखुऱ्या फिरकीची. सरावाच्या वेळीं जमिनीवर नाणें ठेवून चेंडू नेमका त्यावरच पाडण्याचा त्यांचा परिपाठ असे, असें सांगतात.

त्या परिपाठाचें फळ जानेवारी १९६४ मध्यें मद्रासेस दिसलें. इंग्लंडच्या फलंदाजांना लागोपाठ १३१ चेंडूंवर त्यांनीं एकही धांव घेऊं दिली नाहीं! त्या डावांत षटकें ३२, निर्धाव २७, धांवा ५, आणि बळी? एकही नाहीं.

चोखंदळ वाचक येथें विचारतील, कीं गडी बाद झाला नाहीं, त्या मालिकेंतील पांचही सामने अनिर्णित राहिले. मग लाभ तो कोणता? आक्षेप खोटा नाहीं. केवळ अडवून विजय मिळत नाहीं. परंतु अडविण्याचा संयम ज्याच्या अंगीं मुरला, त्याला संधि ओळखतां येते. १९६८ सालीं वेलिंग्टन येथें याच बापूंनीं एका डावांत ४३ धांवांत ६ गडी टिपले. तो सामना भारतानें जिंकला, आणि परदेशांतील पहिला मालिका-विजयही त्याच दौऱ्यांत पदरीं पडला. एकंदर ४१ कसोट्यांत त्यांनीं ८८ बळी घेतले. षटकामागें सरासरी दोन धांवाही दिल्या नाहींत. १७ जानेवारी २०२० रोजीं ते निवर्तले.

एकत्र कुटुंबांतही मिळवत्याचें कौतुक मोठें. कोठीघर राखून महिन्याचा मेळ घालणाऱ्या वहिनींचें नांव क्वचितच निघतें. म्हणून आमची एवढीच विनंति: मुलगा वा मुलगी मैदानावरून घरीं परतली, म्हणजे ‘किती गोल केलेस?’ याबरोबर ‘किती अडविलेस?’ हेंही विचारीत जावें.